सुकतीची वेळ

गोव्यात रायबंदर ते चोडण हा मांडवी नदीवरचा प्रवास इतका छोटा आहे की पलीकडच्या धक्क्यावर कोणत्या रंगाच्या गाड्या थांबल्या आहेत, ते अलीकडून दिसते. मागच्या मार्गशीर्षात एका रविवारी, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरच्या बारशाला जाण्यासाठी, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी स्कूटरसह फेरीबोटीत चढलो. पायाखालची लोखंडी फळी थरथरत होती, डिझेलच्या धुरात खारफुटीच्या चिखलाचा वास मिसळला होता, आणि आम्ही दोघी बोटीच्या बरोबर मध्यभागी, स्कूटरला खेटून उभ्या होतो. कडेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा कठड्यावर पोट टेकवून ओणवा झाला होता आणि शेंगदाण्याची टरफले एकेक करून पाण्यात सोडत होता. त्याचे वडील बाजूलाच मोबाईलमध्ये डोके घालून उभे होते. मान वर न करताच त्यांनी विचारले, ‘‘भरती रे?’’ टरफले कुठे वाहतात ते बघून मुलाने उत्तर दिले, ‘‘भरती.’’ संभाषण तेवढेच. मी मनातल्या मनात त्या बापाला चार शब्द सुनावले. चोडणला उतरल्यावर माझी मुलगी मनगट चोळताना दिसली. घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर चार नखांच्या लालसर खुणा उमटल्या होत्या. मी तिचा हात धरला होता, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. ‘‘दुखले का गो?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘असू दे गो आई, सवय आहे मला.’’

तिच्या स्वरात तक्रार असती तर मी ते कदाचित विसरूनही गेले असते.

मला नवल याचे वाटत राहिले की पाण्याला भी, असे मी माझ्या मुलीला आजवर एकदाही सांगितलेले नाही. उलट मुलांना घाबरवून वाढवू नये, या मताची मी आहे आणि ते मत मी पुष्कळदा पुष्कळांना ऐकवलेही आहे. सहाव्या वर्षी तिला तरणतलावावर घातले. आज ती न थांबता चार फेऱ्या मारते. तरीही त्या दिवशी बोटीत पाय ठेवताच ती सरळ मध्यभागी जाऊन उभी राहिली आणि हात माझ्या हाताजवळ आणून ठेवला, देवळात शिरताना चप्पल काढावी इतक्या सहजतेने. म्हणजे मी तोंडाने जे शिकवत होते ते एक, आणि माझा हात जे शिकवत होता ते दुसरे. तिच्या मनगटावरचे ते घड्याळही मीच घेऊन दिलेले. ती कुठे आहे ते मला माझ्या फोनवर दिसते. शाळा सुटल्यावर तो निळा ठिपका रस्त्याने सरकताना मी पाहते, आणि तो पाच मिनिटे एका जागी थांबला की माझ्या तळव्याला घाम येतो. त्या घड्याळाची आणि नखांची जागा एकच असावी, याचा विचार मात्र मी तोवर केला नव्हता.

माझे बालपण बोरीला, जुवारीच्या काठी गेले. वडिलांना आम्ही भाई म्हणत असू, कारण एकत्र कुटुंबात त्यांची भावंडे त्यांना भाई म्हणत आणि तेच आमच्याही तोंडी बसले. भाई शाळामास्तर, पण त्यांचा जीव रमे तो बांधावर. नदीकाठच्या खाजन शेतीच्या त्या बांधाला जिथे मानस, म्हणजे पाण्याची ये-जा अडवणारी झडप आहे, तिथे ते मला संध्याकाळी घेऊन जात. मानशीची लाकडी दारे कोणी उघडत नाही आणि कोणी लावत नाही. भरती आली की नदीचे पाणी त्यांना बाहेरून दाबते आणि ती मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की शेतातले पाणी आतून ढकलते आणि ती उघडतात. मीठपाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी आत तुंबू नये, म्हणून शेकडो वर्षांपूर्वी कोणा डोकेबाज माणसांनी केलेली ही योजना. सुकतीच्या वेळी त्या तोंडातून पाणी असे उसळून बाहेर पडते की जाळे लावणाऱ्यालाही पाय रोवून उभे राहावे लागते. भाई मला बांधावर बसवत आणि पाणी दाखवत. सपाट पाणी कोणते, ओढीचे कोणते. वरून संथ दिसणारे पाणी खालून कसे चालत असते. एखाद्या जागी पाण्याला गालावर पडते तशी खळी पडते, तिथे पाय घालायचा नाही. पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे नाही. भरतीची वेळ काढायला ते घड्याळाआधी पंचांग बघत: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब ते बोटांच्या पेरांवर करून दाखवत. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ‘‘हे समुद्राचे गणित,’’ ते म्हणत, ‘‘नदीला घरी यायला जरा उशीर होतो, तेवढा तिला द्यायचा.’’

त्या नदीत मगरीही होत्या. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही आहेत, आणि आता त्या बघायला पर्यटक होड्यांतून जातात. आमच्याकडे त्या बघायला कोणी जात नसे. त्या असतात, एवढे धरून माणसे चालत. पौष अमावास्येला शेतकरी खाजनात मांगे थापत. चिखलाची लांबलचक मगर करायची, तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले बसवायचे, काटक्यांचे दात लावायचे, पाठीत पोकळी ठेवून तीत कोंबडीचे पिल्लू किंवा अंडे ठेवायचे, फुले वाहायची आणि हात जोडायचे. मगरीने माणसाला, गुराला आणि बांधाला सांभाळावे. मी पाच वर्षांची असेन. चिखलाच्या त्या जबड्यात हात घालायला मी तयार नव्हते. भाईंनी माझ्या मुठीत एक शिंपला दिला आणि म्हणाले, ‘‘डोळा तू बसव. तुला बघून ठेवू दे तिला.’’ त्या ओल्या, गार चिखलात अंगठ्याने शिंपला रुतवल्याचा स्पर्श माझ्या अंगठ्यात अजून आहे. ज्याच्यापासून जिवाला धोका, त्याला वर्षातून एकदा आपल्या हातांनी घडवायचे, हे केवढे मोठे धाडस होते, ते मला त्या वयात कळण्यासारखे नव्हते.

आई मात्र बांधाच्या सुरुवातीलाच थांबे. ती सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्याही पलीकडच्या डोंगराच्या कुशीतली. लग्न होऊन बोरीला आली तेव्हापासून तिने नदीशी अबोला धरला होता. भाई मला घेऊन परतले की ती पहिल्यांदा माझे मनगट पकडे. घट्ट, हाड दुखेपर्यंत. आणि घर येईपर्यंत सोडत नसे. ‘‘तुमच्या त्या पाण्याचे कौतुक तुमच्यापाशी ठेवा,’’ असे ती भाईंना म्हणे. भाई हसत. लहानपणी माझा पक्ष अर्थातच भाईंचा होता. आई भित्री आणि भाई शूर, असा सोपा निवाडा मी करून टाकला होता, आणि तो बरीच वर्षे टिकलाही असता. पण एका आषाढात पडवीतल्या लाकडांच्या माचात घोणस निघाली. कुकरची शिटी सुटावी तसा तिचा फूत्कार घरभर ऐकू आला. नदीत छातीभर पाण्यात उभे राहून जाळे ओढणारे आमचे भाई सोप्यावर चढून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईने कंदील उचलला, आम्हा दोघा भावंडांना उंबऱ्याच्या आत केले, अंगणाकडची वाट मोकळी केली आणि लांब वेळूच्या टोकाने एकेक ओंडका बाजूला सारू लागली. ‘‘ती ओरडते ती तुम्हाला सांगायला,’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘सांगितल्यावर तरी मागे व्हावे माणसाने. वाट दिली की जाते.’’ ती गेलीही. त्या रात्री आईने आम्हाला ‘साप’ हा शब्द उच्चारू दिला नाही, ‘जनावर’ म्हणायला लावले. आणि दुसऱ्या दिवसापासून लाकूड उचलण्यापूर्वी त्यावर काठी आपटायची, रिकामे पोते हात न घालता उलटे करून झाडायचे, हे नियम सुरू झाले. भाई आठवडाभर पडवीत झोपले नाहीत.

पुढचे मला अजूनही सरळ सांगता येत नाही. १९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता. गावच्या वरच्या सड्यावर चिऱ्यांची एक सोडून दिलेली खाण होती. चिरे कापून नेल्यावर जो चौकोनी खड्डा उरतो, तो पावसाने भरतो आणि दिवाळीपर्यंत तसाच भरलेला राहतो. पाणी स्वच्छ, हिरवट, अगदी निश्चल. भाऊ दोन मित्रांबरोबर तिथे गेला आणि त्याने उडी मारली. मानशीच्या पाण्यात पोहलेल्या मुलाला त्या निजलेल्या पाण्याची कसली भीती! त्यात ओढ नव्हती, खळी नव्हती, भरती-सुकती काही नव्हते. पण खाणीच्या भिंती करवतीने कापल्यासारख्या सरळ असतात. नदीला काठ असतो, उतार असतो, पाय टेकायला कुठेतरी चिखल लागतो. खाणीत पहिल्याच पावलाला दोन पुरुष खोली, आणि बाहेर येताना धरायला शेवाळलेला गुळगुळीत चिरा. तो दमेपर्यंत भिंतीला हात मारत राहिला. शेजारच्या चालू खाणीवरच्या एका कामगाराने मित्रांचा आरडाओरडा ऐकला आणि दोरी सोडून त्याला वर ओढले. त्या माणसाचे नाव भाईंनी पुढे बरेच दिवस शोधले. तो तोवर दुसऱ्या कामावर निघून गेला होता.

भाऊ वाचला. त्याच्या दहाही बोटांची कातडी सोलवटली होती. आई रात्री खोबरेल लावत बसे आणि एक शब्द बोलत नसे. भाईंनीही त्याला मारले नाही, रागावले नाहीत. त्या दिवशी दिवेलागणीला ते पडवीच्या पायरीवर बसले ते रात्री उशिरापर्यंत बसून राहिले, आणि मी जवळ गेल्यावर त्यांनी माझे मनगट धरले. भाईंनी. ज्यांनी मला आजवर फक्त बोट दिले होते, त्यांनी आईसारखे मनगट धरले. त्यानंतर आम्ही बांधावर गेलो नाही. त्या पौषात मांगे थापायलाही त्यांनी आम्हाला नेले नाही, पुढच्या पौषात फोंड्याला बिऱ्हाड हलले, आणि तिथीची पाऊणपट करून त्यांनी पुन्हा कधी काही मोजले असेल तर ते माझ्यासमोर नव्हे.

माझे शिक्षण असे दहाव्या वर्षी अर्ध्यावर थांबले.

वयाने मोठी झाल्यावर मी स्वतःकडे पाहिले तेव्हा हिशोब विचित्र निघाला. आईला पाण्याची भीती, पण जनावरे तिच्या ओळखीची. भाईंना जनावरांची भीती, पण पाणी त्यांच्या ओळखीचे. मी दोघांकडूनही भीती तेवढी उचलली. ओळख एकाचीही घेतली नाही. फ्लॅटमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर, आणि तरीही पावसाळ्यात बूट घालताना दहादा झटकते. पण घोणस आणि धामण यांतला फरक मला सांगता येणार नाही. भावाने उलटे केले. त्याने भाईंची निर्भयता घेतली, नियम घेतले नाहीत, आणि त्याची किंमत दहा बोटांनी मोजली. आता तो बोरीच्या जुन्या घरात राहतो आणि त्याच्या मुलांना त्याने विहिरीच्या कठड्याला हातही लावू दिलेला नाही. विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली आहे. ती जाळी चुकीची आहे, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण ओळख सुटली आणि नुसती भीती उरली की माणूस काय करतो, याचा विचार मनात आला की मला आईची सत्तरी आठवते. तिथे वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून दगडात पुजलेले आहे, आई माहेरच्या वाटेवर त्याला फूल वाहून मगच पुढे जात असे. आणि त्याच सत्तरीत, गोळावलीला, २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे बछडे विषाने मेलेले सापडले.

आईबद्दलचा माझा निवाडा मात्र फार उशिरा, २३ जुलै २०२१ च्या रात्री फिरला. भाई जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि महामारीमुळे आई माझ्याकडे राहत होती. त्या दिवशी म्हादई नदीला पूर आला, सत्तरी आणि डिचोलीत मातीची घरे पाण्यात बसली. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असे टीव्हीवर सांगत होते. आई जेवण सोडून टीव्हीसमोर बसली होती. एका घराची भिंत भिजून हळूहळू खाली बसताना दिसली, तेव्हा ती पडद्यावरची नजर न हलवता बोलू लागली. सहा-सात वर्षांची असताना ती तिच्या आईबरोबर व्हाळावर कपडे धुवायला गेली होती. डोक्यावर ऊन होते. पाऊस नव्हता, ढगही नव्हता. पाणी घोट्याएवढे. आजीने पिळलेले लुगडे दगडावर ठेवले आणि एकदम हात थांबवला: पाण्यावरून वाळकी पाने आली होती, पुष्कळ, आणि त्यांच्यामागे थोडासा फेस. आजीने कपडे पाहिले नाहीत, घागर पाहिली नाही, मुलीच्या मनगटाला धरले आणि काटेरी करवंदीच्या जाळीतून तिला फरफटत वर नेले. मागे वळून पाहिले तेव्हा कपड्यांचा दगड नव्हता. वर घाटात पाऊस झाला होता. पाणी तो निरोप घेऊन आले होते. ‘‘मनगट किती दिवस सुजले होते,’’ आई म्हणाली आणि उजव्या हाताने स्वतःचे डावे मनगट धरून बसली.

म्हणजे भाईंचे पाणी पंचांगाप्रमाणे चालणारे होते आणि आईच्या पाण्याला वेळापत्रकच नव्हते. तिची भीती अडाणी नव्हती. ती दुसऱ्या पाण्याची होती. ती तिने बोरीच्या नदीला लावली, ही चूक म्हणावी तर माझ्या भावाला गिळू पाहणारे पाणी पंचांगातले नव्हतेच. आणि मी ज्या पकडीचा इतकी वर्षे मनात राग धरला, त्या पकडीनेच एकदा आमच्या सगळ्या वंशाला व्हाळातून वर ओढले होते. फक्त वाळकी पाने आणि फेस हे त्या पकडीतून गळून गेले. आजीने पाने पाहून हात धरला होता. आईने पाण्याकडे पाहून धरला. मी काहीच न पाहता धरते. मला आईला विचारायचे होते की हे तू मला आधी का सांगितले नाहीस, पण तोवर ती उठून ताट उचलून गेली होती. आणि खरे सांगायचे तर मीही माझ्या मुलीला तिच्या मामाच्या खाणीची गोष्ट अजून सांगितलेली नव्हती.

ती मी तिला सांगितली, फेरीबोटीच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘भिंतीला पायऱ्या का नाही ठेवत?’’ मला उत्तर देता आले नाही.

पौष अमावास्येला मी तिला घेऊन बोरीला गेले. आईने येण्याचे नाकारले, भावाने ऑफिसचे कारण सांगितले. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा मध्यान्ह उलटत आली होती आणि मगर जवळजवळ पुरी झाली होती. आठवत होती त्याहून लहान वाटली. बांधावरून चालताना माझे हात मोकळे राहू नयेत, म्हणून मी दोघींच्या चपला काढून एकेका हातात एकेक जोड घेतला. ही लबाडी मुलीच्या लक्षात आली असावी, कारण तिने वळून एकदा माझ्या हातांकडे पाहिले. तिला शेपटीवरचे खवले बसवायला मिळाले. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि घड्याळाची काच चिखलाने लिंपलेली. एक म्हातारे शेतकरी मानशीकडे बघत उभे होते. ‘‘सुकती कधी लागणार?’’ मी त्यांना विचारले, आणि भाईंच्या मुलीला हे परक्याला विचारावे लागले म्हणून कानाची पाळी गरम झाली. ते म्हणाले, ‘‘आज अवस. बाराला तिकडे दर्यात भरती भरली. इथे आता लागेल.’’ मग त्यांनी माझ्या मुलीला पेरांवर तो पाऊणपटीचा हिशोब करून दाखवला, आणि ती तोंड किंचित उघडे ठेवून ऐकत राहिली. थोड्या वेळाने दारांच्या फटीतून एक बारीकशी रेघ सुटली. मग दार आतून कोणी हलकेच ढकलावे तसे हलले. ती काठाकडे दोन पावले गेली. माझ्या हातातल्या चपलांचे पट्टे एकमेकांत गुंतले होते.

परतताना बोरीच्या पुलावर मागून तिचा आवाज आला. घड्याळाची काच फ्रॉकला पुसत ती स्वतःशीच काहीतरी मोजत होती.

‘‘आई, उद्या पावणेएकला.’’